हापशीवरचं बोलणं

जरीपटका, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सुकवारो, तुले इंदूबाईचा सलाम पोहोचो.

सत्तावीस वर्षांनी तुझा निरोप आला आणि माझा चहा उतू गेला. दुसरा मांडला, तोही गेला. सुरुची म्हणे, आजी तू बस, मी करते. मी कायची बसते. शेजारच्या सिंधीणबाईले भिंतीवरून सांगून आली का माझ्या सुकवारोचा निरोप आला. तिले काय माहीत सुकवारो कोण. ती म्हणे, अच्छा, बहुत अच्छा, आणि चार पापड देऊन गेली. तेच खाऊन लिहाले बसली. तेलाचा डाग पडला आहे, तिकडे पाहू नको.

सुरुची म्हणजे माझी नात, रोशनची पोरगी. रोशन तुले आठवत असन. बोर्डिंगातून सुट्टीत यायचा आणि बाईच्या मांडीवर कोण बसते म्हणून तुझ्यासंग भांडायचा. त्याची पोरगी नर्स झाली. दिवाळीपासून देवलापारच्या पुढच्या उपकेंद्रात आहे, सालईटोल्याहून तीन किलोमीटर. दर रविवारी माझ्याकडे येते. आम्ही चौदा वर्षं तुझ्या गावात येशूची गोष्ट सांगत राहिलो, आणि आता नात तिथंच लोकायचं बीपी मोजून राहिली. ती म्हणे, आजी, एक बाई आली, दंडाले पट्टा बांधू देईना, नुसती माझ्या तोंडाकडे पाहे. मग म्हणे, तुझी हनुवटी इंदूबाईची आहे. मी हो म्हटलं तं उठूनच गेली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि निरोप सांगतला.

हनुवटी राहिली वं, दात गेले. आमचे नत्थूजीही गेले, अकरा वर्षं झाली. त्यायची पेटी अजून आहे, फलालीनच्या कापडावर चिकटवाची चित्रं होती ना, ती. परवा काढून पाहिली. मेंढपाळाच्या चित्राले कसर लागली. तुझ्या बापानं ते चित्र पाहून काय म्हटलं होतं आठवते का? नत्थूजी सांगून राहिले का हा मेंढपाळ नव्याण्णव मेंढ्या रानात सोडून एका हरवलेल्या मेंढीच्या मागं गेला. तुझा बाप म्हणे, मास्तर, असा गुराखी आम्ही ठेवत नाही. नत्थूजी दोन दिवस जेवले नाही नीट. मी मोरीत जाऊन हासली.

आता तुझ्या निरोपाचं. सरिताचं लग्न जमून राहिलं हे ऐकून मले लय आनंद झाला. मी तिले पाहिलं नाही, तरी माझीच नात म्हणते. सुरुचीनं सगळं समजावून सांगतलं. पोरगा पाच देववाला, पोरीले पसंत, पण त्याच्या घरचे म्हणतात, हिची माय जातीबाहेर, हिले कोणत्याच घरचे देव नाही, आणायची कशी. आणि तुमचे पंच म्हणतात, सुकवारोनं जाणूनबुजून देवाच्या नात्यातल्या भावासंग लग्न केलं असन तं तिले परत घेता येत नाही. तिनं आधी सांगतलं होतं आणि मोठ्यायनं ऐकलं नाही, अशी कोणी साक्ष देईन तं तिचा दोष नाही. मग तिले घेऊ, आणि पोरीले मामाच्या घरचे देव देऊ.

म्हणून तुले माझी साक्ष पाहिजे. लग्न जमवणारी मी, आणि आता मीच उरली.

पण सुकवारो, मी बहात्तर वर्षांची झाली. एवढं जुनं मले आठवत नाही. तुमच्या गोंडांत ज्यायच्या घरचे सहा देव ते सगळे एकमेकायचे भाऊबहीण, सोयरीक पाच नाहीतर सात देववाल्यायसंग, हे मले मागून समजलं. तेव्हा आम्ही आडनावं पाहिली. तुझं वेगळं, इमरतचं वेगळं. आम्हाले कोणी सांगतलं नाही. लग्नाचं सगळं नत्थूजीच पाहत होते. मले एवढंच आठवते का तुझं लुगडं पिवळं होतं आणि लाल काठ मी रात्रंदिवस बसून लावला होता, नागपुराहून तीन जीपा आल्या होत्या, बुंदीचे लाडू कमी पडले म्हणून मी अर्धे अर्धे केले होते, आणि फोटोवाल्यानं तुले हास म्हटलं तं तू खाली पाहिलं.

बाकी काही नाही आठवत.

सरिताले मुका.
इंदूबाई


१६ फेब्रुवारी

सुकवारो,

सुरुची म्हणे तू माझं पत्र उपकेंद्राच्या दारात उभ्यानंच वाचलं. अक्षर लागलं हे ऐकून बरं वाटलं. मी तिसरी शिकलेली, तू माझ्याजवळ शिकलेली, म्हणजे तुझी शाळा तिसरीच्याही खालची. आपण दोघी पाटी मांडीवर घेऊन बसायचो आणि नत्थूजी म्हणायचे, आंधळ्यानं लंगड्याले रस्ता दाखवला.

मग तू काय म्हटलं तेही तिनं सांगतलं. तिनं सांगाले वेळ लावला. आधी वरण संपवलं, हात धुतले, मग म्हणे, आजी, ती म्हणाली, बाईले अर्धे केलेले लाडू आठवतात, मग हापशी काहून आठवत नाही.

आता मी काय लिहू.

हापशी आठवते ना. मिशननंच तं खोदली होती, आमच्या कुंपणापाशी. दांडा वाजायचा तेव्हा आख्ख्या गावाले समजे कोण पाणी भरून राहिलं. तुझा हात हलका, दोन मारले का थांबायची, पुन्हा दोन. पण हापशीवर आपण रोजच बोलत होतो. कोणत्या दिवशी काय बोललो हे कसं सांगू.

मी एक करते. आमचे आताचे पाळक तरुण आहेत, चांगले आहेत. त्यायच्याकडून चर्चच्या कागदावर लिहून आणते का त्या काळी चालीरीतीची माहिती नव्हती, चूक झाली, आम्हाले वाईट वाटते. शिक्का मारून देतील. पंचायले शिक्का आवडते.

तुझ्यावर काय गुदरलं हे मले माहीत नव्हतं असं नाही. तुझा बाप गेला तेव्हा गावाच्या शिवेवर तुले अडवलं, हे नत्थूजीनं पाहिलं होतं. येऊन सांगतलं आणि पायजमा न बदलता खाटेवर पडून राहिले. तुझी माय बोरं वेचाले जाताना तुझ्या अंगणाकडे पाठ करून जायची. तेही मी खिडकीतून पाहिलं. अठ्ठ्याण्णवमध्ये आमची बदली झाली, ट्रक भरला, तू रस्त्याच्या कडेले उभी होती. पोट पुढं आलं होतं. मी ट्रकमधून म्हटलं, पत्र लिहिजो. तू लिहिलं नाही, मीही लिहिलं नाही. मी म्हणायची, तिनं लिहावं, तिले शिकवलं कायले.

इमरत सावनेरले खाणीवर ठेक्यानं जात होता आणि छातीनं गेला, सहा वर्षं झाली, हे मले आता सुरुचीकडून समजलं. त्याच्या मातीले गावचं कोणी आलं नाही म्हणे. तू आणि सरितानं आणि दोन खाणवाल्यायनं नेलं. तो शांत पोरगा होता. माझ्या चुलीची लाकडं न सांगता फोडून ठेवायचा.

शिक्क्याचं पाहते.

इंदूबाई


२ मार्च

सुकवारो,

मागच्या रविवारी लिहिलं नाही. सुरुची रिकाम्या हातानं गेली. तू तिच्या पिशवीकडे पाहिलं म्हणे.

पाळकांनी शिक्क्याचा कागद दिला. सुंदर भाषा आहे. मी तीन वेळा वाचला आणि त्यात तू कुठंच नाही. फाडला नाही, पेटीत ठेवला.

आता ऐक. आमच्या इथं मिशनच्या कामाची स्मरणिका छापून राहिले. महिला मंडळाच्या शोभाताई मले म्हणाल्या, इंदूबाई, तुमची ती देव मोजायची गोष्ट द्या, आम्ही सगळ्या ऐकून ऐकून हासलो, आता छापू. मी बसली सांगाले. ती लिहून घेत होती. मी नेहमीसारखी सांगत गेली, का आमच्या गावात एक पोरगी होती, लग्न ठरलं तं हापशीवर येऊन म्हणे, बाई, त्याचे सहा देव, माझे सहा देव, तो माझा भाऊ लागते. आणि मी म्हटलं, अवं, देव मोजाचे दिवस गेले, आता एकच आहे, एक मोजाले बोटंही लागत नाही. आणि ती पोरगी खुदकन हासली आणि घागर घेऊन गेली.

शोभाताई हासली. मी पण तोंड उघडलं हासाले, आणि बंद केलं.

तू हासली नव्हती.

एकोणतीस वर्षं मी ही गोष्ट सांगून राहिली. चर्चमध्ये सांगतली, बारशांत सांगतली, नत्थूजीनं प्रवचनात सांगतली, नागपूरच्या मोठ्या साहेबाले सांगतली तं त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. प्रत्येक वेळी मी तुले हासवलं. हासणं मी लावलं मागून, लुगड्याले काठ लावला तसं. तू घागर अर्धीच भरली होती. दांडा सोडून दिला आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, बाई, मी गमतीनं नाही सांगून राहिली. मी म्हटलं, जा, कणीक मळ, पाहुणे यायचे आहेत.

हे सगळं मले पहिल्या पत्राच्या वेळीही आठवत होतं.

मी रोशनले पुण्याले फोन केला, का बाप्पा मी असं असं लिहून देऊ का. तो म्हणाला, आई, बाबांचं नाव आहे त्यात. माणूस गेल्यावर त्याच्या कामावर चिखल टाकशील का? मी म्हटलं, चिखल नाही रे, साक्ष आहे. मग म्हणाला, मी बोर्डिंगमध्ये होतो तेव्हा महिन्याला तुझं एक पोस्टकार्ड यायचं. तेही अर्धं बाबांनी लिहिलेलं. या बाईला तू किती पानं लिहितेस?

त्याचं खरं आहे. मी फोन धरून बसली, त्यानं ठेवून दिला होता.

तुले अजून काय पाहिजे ते मले माहीत आहे. महिला मंडळात सांगतलं तसं नाही, पंचायपुढं. सही-अंगठ्यासकट.

पुढच्या रविवारी.

इंदूबाई


९ मार्च

सालईटोल्याच्या पंचमंडळींस,

मी इंदूबाई नत्थूजी सोनटक्के, राहणार जरीपटका, नागपूर, वय बहात्तर, शिक्षण तिसरी, माझ्या हातानं लिहून देते. मी तुमच्या गावात १९८४ ते १९९८ राहिली. माझे पती प्रचारक होते.

१९९६ साली मे महिन्यात सुकवारो आणि इमरत यांचं लग्न मी जमवलं. लग्नाच्या चार दिवस आधी सकाळी सुकवारो मिशनच्या हापशीवर माझ्याकडे आली आणि तिनं स्पष्ट सांगतलं का इमरतचे सहा देव, माझे सहा देव, तो माझा भाऊ लागते, हे लग्न करू नका. मी ऐकलं. मले समजलं. मी ते उडवून लावलं. मी माझ्या पतीले ते त्या दिवशी सांगतलं नाही. लग्न झाल्यावर सांगतलं, ते गंमत म्हणून. त्यायनं लग्न लावलं तेव्हा त्यायले माहीत नव्हतं.

तुमचे म्हातारे पुजारी भुमकाबाबा लग्नाच्या दिवशी मांडवात येऊन देव किती म्हणून विचारत होते, तेव्हा सुकवारो बोलाले उठली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिले खाली बसवलं. हे दोनशे लोकांनी पाहिलं असन, पण त्यायले वाटलं मी माया करून राहिली.

पोरगी वीस वर्षांची होती. आठ वर्षांची असताना माझ्या घरी आली होती. माझ्या शब्दाबाहेर जायची तिले सवय नव्हती. दोष तिचा नाही, माझा आहे. यात पाळकांचा शिक्का लावलेला नाही, कारण हे चर्चचं नाही, माझं आहे.

सही, आणि सही वाचता आली नाही तं डाव्या हाताचा अंगठाही दिला आहे.

इंदूबाई न. सोनटक्के

*

सुकवारो, हे दुसरं पान पंचायले देऊ नको. हे तुझं आहे.

त्यायले मी सांगतलं का मी उडवून लावलं. काहून, ते त्यायनं विचारलं तं सांगजो का बाईले तीन जीपांची घाई होती. ते खोटं नाही. तारीख नागपूरले कळवली होती, साहेब येणार होते, गावातलं पहिलं चर्चचं लग्न होतं.

पण तुझी माय तुले मामाच्या पोराले द्याची म्हणत होती, छिंदवाड्याकडे. तो सात देववाला. सगळं बसत होतं. आणि इमरत आमच्या कुंपणातल्या खोलीत राहायचा. त्याच्यासंग लग्न झालं तं तू शेजारच्या खोलीत येणार. मामाकडे दिली तं बारा तासांच्या वाटेवर.

नत्थूजी आठवड्याचे चार दिवस सायकलवर दुसऱ्या गावाले असायचे. रोशन बोर्डिंगात. गावातल्या बाया माझ्यासंग बोलायच्या, चांगल्या बोलायच्या, पण आपसात गोंडीत सुरू झाल्या का मी नुसती तोंडं पाहत बसायची. मग तू मले सांगायची कोण काय म्हणालं. तू गेली असती तं त्या गावात मी कोणासंग बोलली असती?

एवढंच होतं. देव मी पुढं केला.

इंदूबाई


१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सुकवारो,

सुरुचीनं मले सगळं सांगतलं, आणि मी तिले तीनदा सांगाले लावलं. मोहाच्या झाडाखाली बैठक झाली. शाळेच्या पोरानं वाचलं नाही, तू स्वतः वाचलं. म्हातारे पंच म्हणाले, पुन्हा वाच, सावकाश. एकानं विचारलं, एवढ्या मोठ्या मिशनच्या बाईचं अक्षर असं काहून, तं तू म्हणाली, तिसरी शिकली, आणि मले तिनंच शिकवलं, म्हणून मले वाचता येते. लोकं हासले म्हणे. मले बरं वाटलं. ते हासणं तरी खरं होतं.

तुझ्या भावानं तुझे पाय धुतले आणि हात धरून घरात नेलं. तुझी माय आत खाटेवर होती, तिले आता दिसत नाही, तिनं तुझं तोंड चाचपून पाहिलं. मी म्हटलं, पुढं सांग. पुढं काही नाही म्हणे, मी बाहेर आली.

आणि पंचायनं तुले विचारलं का तू आता चर्चची नाही ना, आणि तू नाही म्हणाली. हे सुरुचीनं सगळ्यात शेवटी सांगतलं, माझ्याकडे न पाहता. तिले वाटलं आजीले लागन. लागलं. खोटं काहून बोलू. चौदा वर्षांत आम्ही बाप्तिस्मे लय दिले, पण मनापासून प्रार्थना करताना मी एकच पोरगी पाहिली होती. आज सकाळी चर्चमध्ये सगळ्यायच्या हातात झावळ्या होत्या आणि मी तुझ्यासाठी प्रार्थना कराले बसली तं समजेना आता कोणाले सांगू. मग त्यालेच सांगतलं, का बाबा, ती तिच्या मायजवळ आहे, तू तिकडे जाऊ नको.

शोभाताईनं ती गोष्ट स्मरणिकेतून काढली. मी तिले खरं सांगतलं तं ती म्हणे, इंदूबाई, हे छापता येत नाही. म्हटलं, नका छापू. मंडळात माझ्या बाजूची खुर्ची दोन शुक्रवार रिकामी राहिली. रोशनले मी पत्र टाकलं, चार पानी, सगळं माझ्या हातचं. अजून उत्तर नाही. त्यानंही सत्तावीस वर्षं घेतली तं मी नसन, पण लिहिलं.

सरिताच्या लग्नाले तू मले बोलावलं नाही. सुरुचीले बोलावलं आणि मले निरोप दिला, का बाईनं येऊ नये, पोरगी मांडवात असताना लोकायनं बाईले पाहत बसू नये. बरोबर केलं. मी आली असती तं पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवला असता.

सरिता पिवळं नेसणार का हिरवं, ते कळव म्हणणार होती. राहू दे. सुरुची सांगन.

एक काम मात्र कर. एकोणतीस तारखेले माझी नात तुझ्या मांडवात असन. ड्यूटीवरून तशीच येईन, उपाशी. पंगतीत बसली का ती पहिल्यांदा नाहीच म्हणते, पोट भरलं म्हणते, लाजाळू आहे. तिचं ऐकू नको. दुसऱ्यांदा विचारजो.

इंदू